बँकेचं उत्तर थेट ऑडिटरकडेच का?

प्रश्न : बँकेतली शिल्लक आमच्या स्टेटमेंटवरून ऑडिटर मान्य करत नाहीत. शिल्लक विचारणाऱ्या पत्राला बँकेचं उत्तर थेट त्यांच्याकडेच यावं, असा हट्ट असतो. इतक्या वर्षांच्या संबंधांनंतर हा अविश्वास का? (अकाउंट्स मॅनेजर, चाकण)

तुम्हाला वाईट वाटलं हे समजतं, पण ऑडिटरचं बरोबर आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून घोटाळ्याची कबुली दिली. पुस्तकात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच. पुढे अमेरिकी नियामकांच्या चौकशीत निघालं की बँकांना पाठवायची पत्रं ऑडिटरांनी कंपनीच्याच हाती दिली होती आणि उत्तरंही कंपनीकडूनच घेतली होती. २०११ साली त्या ऑडिट फर्मना एकूण ७५ लाख डॉलर दंड झाला.

मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत असताना एका कारखान्यात मुदत ठेवीच्या पावतीची झेरॉक्स हाती आली. रकमेतलं एक शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा जरासं खाली बसलं होतं. सरांनी काही न बोलता बँकेला पत्र टाकलं. ठेव कधीच मोडलेली होती. ते शून्य दिसलं नसतं तरी बँकेच्या पत्राने खरं काय ते कळलंच असतं, म्हणून पत्र सरसकट सगळ्यांसाठी जातं. तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे बारा माणसं. चेक लिहिणं, एंट्री, बँक मेळ (आपली पुस्तकं बँक स्टेटमेंटशी ताडून पाहणं), सगळं एकच अकाउंटंट बघतो. प्रामाणिक आहे, कधी रजाही घेत नाही. अंतर्गत नियंत्रण कसं ठेवू? (लघुउद्योजक, कोल्हापूर)

रजा न घेणं हा गुण म्हणून सांगितलात, पण मला काळजी तिथेच वाटते. वर्षातून आठ दिवस त्याला सक्तीची रजा द्या आणि त्या दिवसांत काम दुसऱ्याकडे सोपवा. बँक स्टेटमेंट तुमच्या ईमेलवर येऊ द्या, नेट बँकिंगची शेवटची मंजुरी तुमचीच ठेवा. सप्लायरचा खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, तर जुन्या नंबरवर स्वतः फोन करा. माणूस प्रामाणिक असेल तर यात त्याचंच रक्षण आहे, उद्या बोट दाखवायला कुणाला जागा उरत नाही.

उलाढाल ५० कोटींच्या आत आणि कर्ज २५ कोटींच्या आत असलेल्या खासगी कंपनीत नियंत्रणांवर ऑडिटरचा वेगळा अभिप्राय लागत नाही. तरी जर्नल एंट्री, म्हणजे हिशेबात हाताने टाकलेल्या फेरफाराच्या नोंदी, तो तपासणारच. वर्षअखेरीच्या, रविवारी टाकलेल्या, गोल आकड्यांच्या एंट्र्यांवर त्याची नजर आधी जाते. मालकाने स्वतः टाकायला लावलेल्या एंट्र्याही सुटत नाहीत, कारण सगळी नियंत्रणं बाजूला सारण्याची ताकद मालकाकडेच असते.

प्रश्न : ऑडिटरला अफरातफर सापडली तर तो कुणाला कळवतो? (संचालक, नाशिक)

अधिकाऱ्याने वा कर्मचाऱ्याने कंपनीला फसवल्याचं दिसलं, तर दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा ऑडिट समितीला. रक्कम एक कोटी किंवा जास्त असेल तर त्यांच्या उत्तरासाठी ४५ दिवस, आणि पुढच्या १५ दिवसांत प्रकरण केंद्र सरकारकडे. उत्तर दिलं नाही तरी ते थांबत नाही.

प्रश्न : आमच्या हाउसिंग सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट स्वच्छ आहे. म्हणजे घोटाळा नाही ना? (सभासद, ठाणे)

तसं समजू नका. ऑडिट वाजवी खात्री देतं, हमी नव्हे. सेक्रेटरी आणि कंत्राटदार संगनमताने खोटं बिल करत असतील तर कागद चोख दिसतात. रंगकामाचं बिल पाहिलंत तर गच्चीवर जाऊन भिंतही पाहा. काही खटकलं तर ऑडिटरला लेखी कळवा. हिशेबात गुन्हा घडल्याचा निष्कर्ष त्याने काढला, तर सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे त्याला निबंधकांना विशेष अहवाल द्यावाच लागतो.