वाचकांचे प्रश्न : स्पेससूटमध्ये लघवी-शौचाची सोय

प्रश्न : वरळीच्या नेहरू तारांगणाची सहल झाल्यावर माझ्या सातवीच्या विद्यार्थ्यांनी विचारले की, यानाबाहेर काम करणारे अंतराळवीर लघवी-शौचाला कुठे जातात? त्यांना काय सांगावे?
– एक शिक्षिका, बोरिवली

उत्तर : मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण आरंभी अभियंत्यांनीही त्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेच्या अ‍ॅलन शेपर्ड यांचे उड्डाण जेमतेम १५ मिनिटांचे असल्याने सूटमध्ये कसलीच सोय नव्हती. प्रत्यक्षात प्रक्षेपण काही तास लांबले आणि शेवटी त्यांना सूटमध्येच लघवी करावी लागली. पुढच्या वर्षी जॉन ग्लेन लघवी साठवण्याची पिशवी घेऊन गेले, पण ती रचना पुरुषांपुरतीच होती. स्पेस शटल या अंतराळयानांच्या काळात अमेरिकेच्या स्त्रिया अंतराळात जाऊ लागल्यावर त्यांच्यासाठी शोषक वस्त्र तयार झाले आणि पुढे पुरुषही तेच वापरू लागले.

आजही अंतराळस्थानकाबाहेर पडताना सूटच्या आत हे प्रौढांच्या डायपरसारखे वस्त्र घालतात. त्यातील सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची भुकटी लघवी शोषून तिचा जेलसारखा लगदा करते, त्यामुळे थेंब सूटमध्ये इकडेतिकडे तरंगत नाहीत. शौच शक्यतो बाहेर पडण्यापूर्वीच यानात उरकतात; तरीही वेळ आलीच, तर आधार याच वस्त्राचा.

अडचण आहे ती वेळेची. बाहेरचे काम सहा ते आठ तास चालते, सूट चढवण्याची तयारी त्याआधीची, आणि बाहेर निर्वात पोकळी असल्याने सूट मध्येच उघडणे अशक्य. ओले वस्त्र इतका वेळ अंगाला चिकटून राहिले की पुरळ उठते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. ते टाळण्यासाठी काही अंतराळवीर पाणीच कमी पितात. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून घोटभरही पाणी न पिता लोकलने प्रवास करणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांना हे वेगळे सांगायला नको. अंगमेहनतीच्या कामात शरीराला असे कोरडे ठेवणे घातक आहे, म्हणून ही गैरसोय किरकोळ मानणे मला मुळीच पटत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये यावर एक उपकरण सुचवले. ते सूटमधील लघवी पंपाने ओढून, गाळून, सुमारे ८७ टक्के पाणी पुन्हा पिण्याजोगे करते. अर्ध्या लिटरला पाच मिनिटे पुरतात. पाठीवर वागवायच्या या यंत्राचे वजन सुमारे आठ किलो आहे. चंद्रावर पुन्हा माणसे उतरतील तेव्हा असे काही हाताशी असावे, यासाठी ही धडपड चालली आहे, असे मुलांना जरूर सांगा.