देऊळगावराजाकडे वाईनची द्राक्षं लावतो आहेस, तर ऐक

भाऊ, बाग लावायच्या आधी माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासून घे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, म्हणून गादीवाफे उंच कर. पाणी खारट निघालं तर डॉगरिजसारख्या, खारट पाणी सोसणाऱ्या खुंटावर (खालच्या मुळांच्या रोपावर) कलम बांध. ठिबक तर लागेलच.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निघालेल्या काड्या धुऱ्यावर जाळू नकोस, बारीक करून ओळीतच टाक. रोगट काड्या तेवढ्या बाहेर काढ. वर सोयाबीनचं कुटार पसर. मे महिन्यात भरदुपारी ते बाजूला सारून मातीत बोट घाल. खाली गारवा लागतो, उघड्या जागी बोट भाजतं. माझं पाणी खरं तिथंच वाचलं.

वायनरीचं मात्र नीट ऐक. टाक्या धुतलेल्या पाण्यात साखर असते, आम्ल असतं. ते नाल्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. मी पहिल्या वर्षी टाक्या धुवायला कॉस्टिक सोडा वापरला आणि तेच पाणी बागेला दिलं. सोडियमनं जमीन चोपण झाली, पाऊस पडला की वर नुसती पपडी. फार जीव तुटला. आता सोडियम नसलेला कॉस्टिक पोटॅश वापरतो, पाणी आधी खड्ड्यात निवळू देतो, चुन्यानं आम्लता मोडतो.

द्राक्षं पिळून उरलेला चोथा बागेत ताजा टाकू नकोस, आंबट असतो. शेणात मिसळून चांगला कुजव, अधूनमधून पालट, मगच वेलींना दे.

जागा ठरली की कळव, मी येतो बघायला.