वहिनी, ते दोन दिवस आणि उरलेले पाच

वहिनी,

तुमचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दादाची बदली नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून इकडे अमेरिकेत सिएटलजवळ पक्की झाली, जानेवारीत निघायचं, मोठी सहाची आणि धाकटा चारचा. इथे घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वॉल्डॉर्फ पद्धतीचे, म्हणजे गोष्टी, हातकाम, रंगकाम यांतून शिकवणारे गट असतात, आठवड्यातून दोन दिवस, हे तुमच्या कानावर आलंय. तिथे मुलं नेमकं करतात काय, तेवढ्यावर शाळा सोडून चालेल का, आणि मराठीचं काय, असे तुमचे तीन प्रश्न. धरमपेठेतून इथे येऊन मला नऊ वर्षं झाली. माझी दोन्ही मुलं चार वर्षांपासून अशाच एका गटात जातात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे मनात पक्कं करा की गट म्हणजे शाळा नव्हे. आमचा गट मंगळवारी आणि गुरुवारी, साडेनऊ ते दीड. बाकीचे पाच दिवस शाळा तुमच्या जेवणाच्या टेबलावर भरते आणि ती तुम्हालाच चालवावी लागते. तेव्हा गट चांगला की वाईट हे नंतर बघू. निदान सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचे दोन-अडीच तास तुम्ही न चुकता देऊ शकता का, ते आधी ठरवा.

आता मंगळवार कसा जातो ते सांगते. गावाबाहेरच्या एका शेतावरचा जुना लाकडी हॉल आम्ही भाड्याने घेतलाय. पोरं आली की आधी बाहेर, पाऊस असला तरी. पावसाळी पँट, गमबूट, आणि चिखल. आपल्याकडे शिंकलं तरी स्वेटर घालतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात माझा जीव खालीवर व्हायचा. मग सगळे गोल करून उभे राहतात. सकाळचा श्लोक म्हणतात, टाळ्या आणि पावलांच्या ठेक्यावर पाढे म्हणतात: तीनच्या पाढ्यात दोन पावलं हळू, तिसरं जोरात. दाण्यांच्या छोट्या पिशव्या एकमेकांकडे फेकत उलटे पाढे. वीस मिनिटांत अंग तापतं, आणि मग ती शांत बसतात.

त्यानंतर गोष्ट. बाई पुस्तकातून वाचत नाहीत, तोंडपाठ सांगतात. पहिलीच्या वयाला परीकथा, दुसरीला प्राणिकथा आणि संतांच्या गोष्टी, चौथीला उत्तर युरोपातल्या देवांच्या, पाचवीला भारत, इराण, इजिप्त, ग्रीस. आज ऐकलेली गोष्ट मुलं पुढच्या वेळी आपल्या शब्दांत सांगतात आणि कोऱ्या वहीत चित्र काढून लिहितात. छापील पाठ्यपुस्तक नाही, ती वहीच पुस्तक. एकच विषय तीन-चार आठवडे धरायचा आणि मग सोडून द्यायचा, अशी ही पद्धत.

मग हातकाम. आमच्याकडे पहिल्या वर्षी मुलांनी सुया स्वतः केल्या. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, एका टोकाला पॉलिश पेपरने घासघासून अणकुची आणायची, दुसऱ्या टोकाला लाकडी मणी चिकटवायचा. त्यात दोन आठवडे गेले. मग विणकाम. त्यासाठी इंग्रजीत एक यमक म्हणतात, माझ्या पोरीला ते काही केल्या लक्षात राहीना, म्हणून मी तिच्यासाठी हे केलं:

खारूताई, बिळात शिर,
झाडाभोवती एकदा फिर,
शेपटी धरून बाहेर ये,
फांदीवरून उडी घे.

सुई टाक्यात घातली, लोकर भोवती फिरवली, ओढून बाहेर काढली, टाका सुईवरून सोडला. चार ओळींत एक टाका. ती जीभ बाहेर काढून, पुटपुटत विणायची. पहिल्या पट्टीत बारा टाक्यांचे एकोणीस झाले, मग पंधरा, आणि शेवटी तिचं तिलाच कळलं की ओळ संपली की टाके मोजायचे असतात. मी तोवर एकदाही सांगितलं नव्हतं. ती वेडीवाकडी पट्टी मी जपून ठेवलीय.

गुरुवारी रंगकाम आणि स्वयंपाक. कागद पाण्यात भिजवून पाटावर पसरतात, रुंद ब्रश, आणि सुरुवातीला एकच रंग. पुढच्या खेपेला दुसरा, म्हणजे पिवळ्याला निळा भेटून हिरवा कसा होतो ते पोरांना कोणी सांगावं लागत नाही. थंडीत मधमाशीच्या मेणाचे गोळे द्यायचे. नागपूरच्या मे महिन्यात ते टेबलावरच मऊ पडले असते, इथे मुलं काखेत धरून दहा मिनिटं ऊब देतात, तेव्हा कुठे त्याचा ससा होतो. धाकटी मुलं खऱ्या सुरीने गाजर चिरून सूप करतात, कणीक मळून पाव भाजतात. धान्याचे वार ठरलेले असतात. आमच्या गुरुवारी भगरीसारखं बारीक धान्य असतं. मी त्याचा उपमा करून नेला तर पातेलं चाटूनपुसून रिकामं. शाकाहाराची अडचण आम्हाला कधी आली नाही.

पहिलीच्या पहिल्या दिवशी या पद्धतीत मुलं एक सरळ रेघ आणि एक वक्र रेघ काढतात, आणि तिथून आकृत्या वाढत जातात. मी ते बघितलं आणि बाईंना म्हटलं, आमच्या अंगणात हे रोज सकाळी होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला ठिपक्यांची रांगोळी शिकवायला लावली. सात ते एक ठिपके, आणि अकरा मुलं जमिनीवर पालथी.

या पद्धतीचं मूळही सांगते, कारण आबा विचारतील. १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि ती रुडॉल्फ स्टायनर यांनी उभारली. नाव कारखान्याचं. अमेरिकेत हे नाव नोंदणीकृत आहे, ते वॉल्डॉर्फ शाळांच्या संघटनेच्या परवानगीनेच लावता येतं. म्हणून आमच्यासारखे गट ‘वॉल्डॉर्फ-प्रेरित’ म्हणवतात. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की गटाला बाहेरून कोणी तपासत नाही. बाई कुठे शिकल्या, किती वर्षं मुलांत आहेत, हे तुम्हीच विचारायचं. आणि अर्धा दिवस वर्गात बसू देत नसतील तर त्या गटात जाऊ नका.

स्टायनर यांच्या लिखाणात पुनर्जन्म आहे, कर्म आहे, आणि मानववंशांबद्दलची अशी मतं आहेत जी मला मुळीच मान्य नाहीत. चांगल्या बाई ते वर्गात आणत नाहीत, पण पाचवीचा भारत शिकवताना एक खोट राहते. भारत म्हणजे फार पूर्वी होऊन गेलेली पहिली पायरी, असा सूर लागतो. गेल्या वर्षी मी सांगून बुद्धाची गोष्ट माझ्याकडे घेतली. सिद्धार्थ, सारनाथ झाल्यावर म्हटलं, गोष्ट इथे संपत नाही, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला माझ्या गावी काय झालं ते सांगितलं. पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं, बाबासाहेब, आणि दरवर्षी दीक्षाभूमीवर उसळणारी गर्दी. लहान असताना त्या गर्दीला आम्ही पाणी वाटायचो, तेही सांगितलं. मुलं माझ्याकडे बघत राहिली, कारण गोष्टीतल्या गावची बाई त्यांच्यासमोर बसली होती. हे तुम्हालाही करावं लागेल. तुम्ही नाही केलं तर दुसरं कोणी करणार नाही.

आता कायद्याचं. सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यात सक्तीचं शिक्षण आठव्या वर्षापासून. तोवर तुमच्या मोठीसाठी काही भरायची गरज नाही. मात्र एकदा सरकारी शाळेत नाव घातलं, तर ते रीतसर काढून घ्यावं लागतं. आठ झाल्यावर दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत शाळा-जिल्ह्याकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाकडे) घरी शिकवत असल्याचं घोषणापत्र द्यायचं, ठरलेले अकरा विषय शिकवायचे, आणि वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी किंवा परवानाधारक शिक्षकाकडून मूल्यमापन. निकाल आपल्याकडे ठेवायचा. पालकाचीही पात्रता लागते, पण तुमचं कॉलेजचं शिक्षण त्यात बसेल. हे फक्त या राज्याचं. दादाची पुढे न्यूयॉर्कला बदली झाली तर तिथे दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो, आणि जर्मनीत तर घरी शिकवायला परवानगीच नाही.

व्हिसाचंही सांगून ठेवते. गटात आईवडिलांनी वर्गात राबायचं आणि बदल्यात फी कमी, अशी सोय असते. तुम्ही एच-फोरवर, म्हणजे दादाच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर येणार. कामाचा परवाना नसताना फीची सूट हा मोबदला धरला जाऊ शकतो. कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय ती सूट घेऊ नका. मी परवाना येईपर्यंत पूर्ण फी भरली. आणि लसी पूर्ण करूनच या. अशा वर्तुळात लस न दिलेली मुलं भेटतात. २०१९ साली याच राज्यात क्लार्क काउंटीत गोवर पसरला होता.

माझी चूक ऐका. पहिलं वर्ष मी भारावून गेले होते. विणकाम, बासरी, गोष्टी यांत पोरगी इतकी खुश की घरचं गणित मी आज-उद्यावर ढकललं. मे महिन्यात मूल्यमापनाला बसली आणि हातचे घेऊन वजाबाकी येईना. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, फक्त कागद माझ्याकडे सरकवला. त्या उन्हाळ्यात रोज चाळीस मिनिटं आम्ही दोघी बसलो. तेव्हापासून गट काहीही शिकवो, गणित आणि मराठी रोज घरी. चार वर्षांनी नागपूरला परतायचं तुमच्या मनात आहे, म्हणून तर हे जास्तच धरून ठेवा.

तुमच्या मोठीचा प्रश्न उलटा येईल. ती यूकेजी करून येतेय, वाक्यं लिहिते. गटात तिच्या वयाला अजून डोंगराच्या चित्रातून ‘एम’ काढत असतील, वाचन सातव्या वर्षाच्या आसपास सुरू होतं. ती कंटाळेल. तिला मागे खेचू नका, घरी वाचू द्या, आणि गटात हाताची कामं करू द्या. तिच्या हातांना ते नवीनच आहे.

मराठीसाठी आमचा घोळ असा झाला की गट सांगतो लहान मुलांना मोबाइल-टीव्हीच्या पडद्यापासून लांब ठेवा, आणि आमची आजी पडद्यातच राहते. शेवटी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळी आठला (थंडीत नऊला), फोन लावून पालथा ठेवायचा असं ठरवलं. फक्त आवाज. माझी आई गोष्ट सांगते, मुलं अंधारात पडून ऐकतात. चेहरा दिसत नाही म्हणून ती वर्णन जास्त करते, आणि मुलांना शब्द जास्त मिळतात. रविवारी मात्र व्हिडिओ, नाहीतर आईलाच चैन पडत नाही.

सणांचं म्हणाल तर २९ सप्टेंबरला मायकेलमस, म्हणजे देवदूत मायकेलचा सण, ११ नोव्हेंबरच्या सुमारास हातात कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फेरी, डिसेंबरात हिरव्या फांद्यांच्या चक्रात मेणबत्ती. मुळं ख्रिस्ती आहेत. मला अडचण वाटली नाही, तुम्हाला वाटली तर आधीच बोला. आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तान्हा पोळा, आपल्या विदर्भातला मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, सुरू केलाय. देवदाराच्या तुकड्याचा बैल, बाटलीच्या झाकणांची चाकं, मुलं शेतावरच्या एकेका झाडाखाली उभ्या मोठ्यांकडे बैल ओढत नेतात आणि बोजारा, म्हणजे बैलामागचा खाऊ, म्हणून सफरचंद मिळतं.

निघण्याआधी एक दिवस काढून सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा बघून या, दोन तासांचा तर रस्ता. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धत मांडली गेली, तिथे हातकाम आणि मातृभाषा दोन्ही मध्यभागी होती. इकडच्या हातकामात मूल मनापासून रमतं. तिकडे सूत कातताना गणित कसं येतं ते बघितलं की घरच्या पाच दिवसांसाठी तुमच्या हाती काहीतरी लागेल. मला ते इथे आल्यावर सुचलं. मागच्या खेपेला वर्ध्याहून मुलांना दाखवायला कापसाची बोंडं आणली होती. सरकीसकट होती, विमानतळावर काढून घेतली, आणि नियमाने ते बरोबरच होतं. तुम्ही सूत कातायची टकळी आणा, त्यासाठी पिंजलेल्या कापसाचे पेळू आणा, बी असलेलं काही नको. आणि धाकट्यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल जरूर आणा, साल काढलेला, नीट रंगवलेला. विमानतळावर लाकडी वस्तू आहे म्हणून आधीच सांगा. सप्टेंबरात लागेल तो.