व्हर्च्युअल वाद्यांना माणसाच्या वादनातला भाव पकडता येतो का, की मी उगाच जास्त विचार करतोय?

पेटी आणि तबल्याचा साधा ठेका, इथपर्यंत येतो, बऱ्यापैकी येतो. सनईचं म्हणाल तर नाही, आणि त्यापायी आणखी रात्री जागवू नका.

तुम्ही लिहिलंय की भावगीताची चाल बांधून झाली आहे, लॅपटॉपवर ही तिन्ही वाद्यं लावली आहेत आणि कित्येक आठवडे एकेका सुराची व्हेलॉसिटी (पट्टी किती वेगाने दाबली त्याचा आकडा) ८३ ची ८७ करून पुन्हा पुन्हा ऐकताय. मी ठाण्यात राहतो, एकांकिका आणि बालनाट्यांना पार्श्वसंगीत करून देतो. तिथे वादकांना द्यायला पैसे क्वचितच असतात, त्यामुळे व्हर्च्युअल वाद्यांशिवाय माझं पान हलत नाही. तेव्हा हे त्यांच्यावर नाक मुरडणाऱ्याचं मत नाही.

एखादं सॅम्पल केलेलं, म्हणजे खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून बनवलेलं वाद्य घेण्याआधी मी एवढंच बघतो की सूर सुरू झाल्यावर वादकाच्या हातात काय उरतं. पियानोत जवळपास काहीच उरत नाही. पट्टी दाबली की हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेला लागायच्या आधीच ती बोटापासून सुटलेली असते. सूर किती जोरात येणार हे त्या एका वेगावर ठरून गेलं. नंतर पट्टी कधी सोडायची आणि पेडल, बस. १९८३ साली आलेल्या मिडीत, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, पट्टीच्या वेगासाठी १ ते १२७ असा एकच आकडा आहे. पियानोचं काम त्यात बरंचसं भागतं, म्हणून लॅपटॉपवरचा पियानो भल्याभल्यांना ओळखू येत नाही.

पेटीत पट्टी किती जोरात मारली याला फारसा अर्थच नाही. सगळा जीव भात्यावरच्या हातात. आणि तुम्ही नेमकी पेटीची व्हेलॉसिटी बदलत बसला आहात! ती एकसारखी करून टाका. त्याऐवजी एक्सप्रेशन पेडल किंवा मॉड व्हील (कीबोर्डच्या डाव्या बाजूचं चाक) आवाजाच्या चढउताराला जोडा, उजव्या हाताने वाजवा आणि डाव्या हाताने ते चाक भात्यासारखं हलवत राहा. इथे महापालिकेचा पं. राम मराठे महोत्सव होतो, तिथे किंवा तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला कधी गेलात तर गायकाकडे न बघता पेटीवाल्याचा डावा हात बघा. ओळ संपताना तो भाता कसा आवरता घेतो, ते नुसत्या ऐकण्याने कळत नाही.

पेटीवरून आठवलं. ज्या वाद्यासाठी आज आपण चांगलं सॅम्पल शोधतो, तेच एकेकाळी भावहीन यंत्र ठरलं होतं. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती थोडीफार सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेप ओळखीचेच होते: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत, बारा सूर ठोकून बसवलेले. आक्षेप खोटे नव्हतेच. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याच बारा सुरांतून लोकांना डोलायला लावलं होतं. पेटीवाला मींड काढत नाही, तो मधल्या सुरांना कणभर स्पर्श करत जातो, भाता किंचित सैल सोडतो आणि उरलेली रेघ ऐकणाऱ्याचा कान ओढतो. वाद्याला जे जमत नाही ते त्याच्याकडून ओरबाडून घ्यायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तबल्याचं थोडक्यात. दायाँवरचा, म्हणजे उजव्या तबल्यावरचा ‘ना’ हा बोल ओळीने दहा वेळा एकच सॅम्पल वाजला की कृत्रिमपणा लगेच कळतो, म्हणून ज्यात राउंड रॉबिन आहे, म्हणजे एकाच बोलाची वेगवेगळी रेकॉर्डिंग आलटूनपालटून वाजतात, तेच पॅकेज घ्या. डग्ग्याची गोष्ट वेगळी. मनगटाचा दाब देऊन काढलेला घुमारा सॅम्पलमध्ये असतो, पण तो ज्या गतीने रेकॉर्ड झाला त्याच गतीने येतो. तुमची लय संथ असेल तर तो आधीच संपतो आणि पुढे भोक पडल्यासारखं वाटतं. साधा, बिनदाबाचा ‘घे’ घेऊन पिच बेंडच्या (सूर वरखाली सरकवणाऱ्या) चाकाने घुमारा स्वतः द्या.

आता सनई. श्वासाचा दाब, पत्तीवरचे ओठ, छिद्रावरून अर्धवट सरकणारं बोट, हे सगळं सूर चालू असताना बदलत असतं आणि एकमेकांना धरून बदलतं. सूर वर चढताना आवाजाची जातही पालटते. मिडीच्या पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकावा कमी पडत नाही. पण तुम्ही पडद्यावर मींडेची रेघ आखली की फक्त उंची बदलते, बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं. २०१८ मध्ये एमपीई नावाचं मानक आलं, त्यात प्रत्येक बोटाचं सरकणं आणि दाब वेगळा नोंदवता येतो. नळीतल्या हवेचं गणित मांडून आवाज तयार करणारी यंत्रं त्याच्याही आधीची. यामाहाचं व्हीएल-१ हे १९९४ चं, आणि ते फुंकून वाजवायची सोय होती. ही दिशा बरोबर आहे. फक्त त्यावर हात बसायला जितका रियाज लागेल, तितक्यात निम्मी सनई शिकून होईल.

राहिला जास्त विचार करण्याचा प्रश्न. हो, करताय, आणि चुकीच्या ठिकाणी. गाणाऱ्याच्या आवाजाखाली ८३ आणि ८७ मधला फरक कोणालाही ऐकू येणार नाही. लेटन्सीची, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाची, काळजीही सोडा: ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं घेताना, २५६ मोजमापांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात आवाज हवेतून जेमतेम दोन मीटर जातो. बैठकीत तबलजी गायकापासून एवढ्या अंतरावर बसतोच की. ‘ह्युमनाइझ’चं बटण तर दाबूच नका. ते सूर आंधळेपणाने मागेपुढे करतं. माणूस उशिरा येतो तो काहीतरी ऐकून: गायकाने श्वास घेतला, शब्द लांबवला, समेवर यायच्या आधी जरा रेंगाळला.

माझ्या मते तुमची खरी अडचण क्रमात आहे. तुम्ही आधी ट्रॅक पूर्ण करायला बघताय आणि गायिका नंतर येणार आहे. मग ही वाद्यं साथ कोणाला करतायत? नुसता तानपुरा आणि क्लिक (लयीची टिकटिक) लावून आधी तिचं गाणं रेकॉर्ड करा, कच्चं का असेना. ते हेडफोनमध्ये ऐकत, लॅपटॉपचा पडदा बंद करून, पेटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवा. आवडली नाही तर माउस हातात न घेता पुन्हा वाजवा. मी हे नाटकांसाठीही असंच करतो, आधी नटांचं वाचन रेकॉर्ड करून.

सनईच्या त्या दोन ओळींसाठी वादक गाठा. लग्नसराई नसताना बरेच जण मोकळे असतात आणि चांगला माइक असेल तर घरच्या खोलीतही काम होतं. एक मात्र आधी विचारा: त्यांच्याकडे कुठल्या पट्टीची, म्हणजे कुठल्या मूळ सुराची सनई आहे. गाणं काळी एकमध्ये रेकॉर्ड करून बसलात आणि त्यांच्याकडे त्या पट्टीची नसली तर पंचाईत. शिवाय त्यांना ट्रॅक पाठवताना लॅपटॉपवरची सनई म्यूट करून पाठवा, नाहीतर ते बिचारे इमानदारीने तीच वाजवून देतील.