रीलवरची गिटार आणि बँडमधली गिटार

रील बघून गिटारवर हात बसवायला हरकत नाही, पण त्यावरून स्वतःला जोखू नकोस. तिथे तुकडा छोटा असतो, हवे तितके टेक घेता येतात आणि बॅकिंग ट्रॅकची, म्हणजे मागे वाजणाऱ्या तयार साथीची, लय हलत नाही. बँडमध्ये ड्रमर कोरसला लय पळवतोच. चुकलास तरी थांबायचं नाही, पुढच्या समेवर गाठायचं.

त्यासाठी मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला 40 ठोक्यांवर लाव आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धर, म्हणजे लय 80 होते. पहिली मात्रा तुझी तुलाच सांभाळावी लागते.

सगळ्यात जास्त घोळ टोनचा. घरी मिड (मधल्या पट्टीचे सूर) कमी आणि गेन (आवाज फाटवणारं बटण) चढवलेला आवाज भरदार वाटतो. बँड सुरू झाला की तोच गायब होतो, कारण खालच्या सुरांची जागा बेस गिटारने घेतलेली असते, वरची ड्रमच्या सिंबलने. मग जो तो व्हॉल्यूम वाढवत बसतो. त्यापेक्षा मिड वाढव, गेन निम्मा कर, अँपवरचा बेस उतरव.

तुमचा ड्रमर नाशिकरोडला, बेसिस्ट पार सातपूरला, म्हणजे प्रॅक्टिस आठवड्यातून जेमतेम एकदा. रिफ (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) आधीच मेट्रोनोमच्या क्लिकसकट फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाक. स्वतःची तीनच गाणी घ्या, पण त्यांचे शेवट पक्के बसवा. नवे बँड विस्कटतात ते तिथेच.