आवाज गेला, जॉइंट तसाच

जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनबद्दलची पत्रं उघडली की गाडी वेगळी, प्रश्न तोच. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

एकाच बाजूचा शॉकअप गळतोय. तेवढाच बदलू का?

नाही. पुढची जोडी एकदम बदला.

बारीक खड्ड्यांवर खट्खट् आवाज येतो. गॅरेजवाला शॉकअप गेले म्हणतो.

शॉकअप कोरडे आहेत ना? मग आधी स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक रॉड (त्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) हलवून बघायला सांगा. असा आवाज बऱ्याचदा तिचाच असतो, आणि ती शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. न तपासता थेट महागडा भाग सुचवणाऱ्याकडून निघा आणि दुसरीकडे दाखवा.

लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटलाय. एकाने सिरिंजने ग्रीस भरून दिलं, आवाज बंद झाला. अजून सहा महिने काढता येतील?

सहा महिने कशाच्या भरवशावर? बॉल जॉइंट म्हणजे चाकाकडचा भाग खालच्या आर्मला जोडणारा, वाटीत फिरणारा गोळा, आणि बूट म्हणजे त्याचं रबरी आवरण. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर येतं, पाणी आणि माती आत जाते, आणि बॉल व त्याची वाटी एकमेकांना घासून खातात. सिरिंजने भरलेलं ग्रीस तो आवाज काही दिवस दाबतं, झिजलेलं भरून काढत नाही. उलट धोक्याची सूचना देणारा आवाजच तुम्ही पैसे देऊन बंद करून घेतलात! जॉइंट निसटला की चाक बाहेर फाकतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. वळणावर हे झालं तर काय, ते तुम्हीच ठरवा. ‘माझ्या मित्राने दोन वर्षं तशीच चालवली’ हे मला लिहू नका.

चाक जमिनीवरून उचलून, एक हात वरच्या आणि एक खालच्या कडेला धरून हलवलं की ढिलाई कळते. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर ती गेली, तर संशय व्हील बेअरिंगवर. राहिली तर जॉइंटवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. आणि ढिलाई सापडो वा न सापडो, फाटलेला बूट याच आठवड्यात जाणत्या मेकॅनिकला दाखवा. ढिलाई सापडली तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

नवे बुश वर्षभरात फाटले. माल डुप्लिकेट असेल?

असेलही. पण या बुशचे, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्यांचे, बोल्ट कधी आवळले ते विचारा. चाकं लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं. शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायची, कंपनीने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराने. ही दहा मिनिटं वाचवण्याची घाई फार जणांना असते.

स्ट्रटवरची (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागावरची) स्प्रिंग घरी काढू का?

नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

टायर आतून झिजतोय. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून भागेल?

ढिले भाग बदलल्यावर करा. आधी केली तर पैसे पाण्यात, कारण ढिल्या आर्मवर लावलेला कोन पहिल्याच खड्ड्यात बदलतो.