वागणं एक, कारणं दोन: ऑटिझम आणि एडीएचडी सोबत असतील तेव्हा

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) लिहून दिलं, दुसरीकडे ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं आहेत असं सांगितलं, आणि आता घरचे विचारतायत की यातलं खरं कुठलं. दोन्ही खरं असू शकतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पर्यंत नियमच होता, की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान द्यायचं नाही. त्या वर्षी आलेल्या पाचव्या आवृत्तीत तो नियम गेला. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची अकरावी वर्गवारीही दोन्ही सोबत मान्य करते. पण जुन्या नियमात शिकलेले डॉक्टर आणि जुने फॉर्म अजून आहेत. त्यामुळे 'हे की ते' असा प्रश्न तुला पुढेही ऐकावा लागेल.

त्या प्रश्नात तू अडकू नकोस. काही बिघडलं की ते कशामुळे बिघडलं हे दर वेळी बघ. बाहेरून दिसणारं वागणं एकच असतं, पण कारण निराळं असलं की उपाय निराळा लागतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तो उलटतो.

उदाहरणार्थ, तू वर्गात बसली आहेस आणि दहा मिनिटांनी काही कळेनासं होतं. सर एकाच सुरात वाचून दाखवतायत, विषय रुचत नाही, मन भटकलंय, पण त्यांनी मध्येच प्रश्न टाकला की तू लगेच भानावर येतेस. हे एडीएचडीकडचं. दुसऱ्या दिवशी विषय तुझ्या आवडीचा आहे, तरी डोक्यावरचा पंखा टकटक वाजतोय, शेजारणीच्या अत्तराचा वास येतोय, रस्त्यावरचे हॉर्न आत येतायत, आणि सरांचा आवाज त्यातून वेगळा काढता येत नाही. तेव्हा कुणी प्रश्न विचारला तर उलट धडकी भरते; जागा बदलली की मात्र ऐकू येतं. हे ऑटिझमकडचं. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसून हाताने टिपणं काढणं कामाला येतं. दुसऱ्या दिवशी पंख्यापासून लांबची, भिंतीकडेची जागा लागते. 'नीट लक्ष दे' हा सल्ला दोन्ही दिवशी निरुपयोगी.

कुणाचं बोलणं मध्येच तोडणंही तसंच. मनात आलेलं आत्ता बोललं नाही तर निसटेल या भीतीने तोडतेस, की समोरच्याचं वाक्य संपलं की नाही हेच कळत नाही म्हणून? पहिलं असेल तर हातातल्या कागदावर एक शब्द टिपून ठेव आणि थांब. दुसरं असेल तर जवळच्या माणसांशी ठरवून घे, 'मी बोलू का?' असं विचारायचं, त्यांनी मान हलवायची.

हे फरक आठवणीवर सोडले तर हाती लागत नाहीत. पंधरा दिवस एक साधी वही ठेव. दर प्रसंगाला एक ओळ: वेळ, जागा, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं, शेवटचं कधी खाल्लं, रात्री किती झोप झाली, पाळीचा कितवा दिवस, आणि कशाने बरं वाटलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शांततेने बरं वाटलं, काहीतरी नवं मिळाल्याने, की नेमकं काय करायचं हे कळल्याने? पाळीचा रकाना 'इश्श' म्हणून गाळू नकोस. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींचं लक्ष आणि सहनशक्ती दोन्ही घसरतात, आणि ते माहीत नसलं की औषधालाच दोष दिला जातो.

आता वेळापत्रकाबद्दल, कारण तुझ्या सगळ्या त्रासाचं मूळ तिथे आहे. रविवारी रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक बुधवारी मोडतं आणि मग तू स्वतःला आळशी म्हणतेस. तू आळशी नाहीस. तुझ्या एका बाजूला सगळं ठरल्यासारखं हवं असतं, दुसरीला ठरलेल्याचा चौथ्या दिवशी वीट येतो. म्हणून चौकट पक्की ठेव आणि आतला भाग मोकळा. उठणं, अंघोळ, न्याहारी, बस यांचा क्रम कधीच बदलायचा नाही. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर अभ्यास हेही पक्कं, पण कुठला विषय हे त्या क्षणी तिनातून एक निवडायचं. तीनच, पाच ठेवले तर निवडण्यातच तास जातो. घड्याळाच्या आकड्यापेक्षा आधीच्या कामाला पुढचं काम बांध: चहाचा कप विसळला की वही उघडायची. आकडा पाच मिनिटांनी चुकला की तुला अख्खा दिवस बिघडल्यासारखा वाटतो. क्रम मागेपुढे सरकला तरी तुटत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी हा उपाय तुला सगळेच सांगतील. एडीएचडीला तो चालतो. पण तू एकदा एखाद्या गोष्टीत खोल गेलीस की पंचविसाव्या मिनिटाला वाजणारी घंटा तुला अंगावर ओरडल्यासारखी लागते, आणि नंतर परत आत शिरता येत नाही. सुरुवात होत नसेल तेव्हा दहा मिनिटांचा गजर लाव, फक्त सुरू होण्यासाठी. सुरू झालीस की ५० ते ६० मिनिटं राहू दे. उठायच्या पाच मिनिटं आधी एक हलकी सूचना, मग दुसरी, आणि उठण्यापूर्वी चिठ्ठीवर पुढची पायरी लिही: 'उदाहरण ४, दुसरी ओळ'. ती चिठ्ठी नसेल तर परत बसताना सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं, आणि तिथेच काम बुडतं. कुणाच्या सोबतीने बसल्यावर तुझं काम होत असेल तर तेही कर, पण समोरासमोर बसू नका. शेजारी बसा, एकाच भिंतीकडे तोंड करून, आणि तासभर बोलायचं नाही हे आधी ठरवा.

खानापूरहून बेळगावला जाणारी सकाळची बस वेगळी सांभाळावी लागेल. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांचा प्रवास मोफत झाल्यापासून गर्दी जास्त असते, आणि शून्य तिकिटासाठी ओळखपत्र दाखवावंच लागतं. आधार कार्ड, कॉलेजचं कार्ड, थोडी चिल्लर आणि कानातले बोळे एका छोट्या पाऊचमध्ये घाल आणि ते दाराच्या आतल्या खुंटीला टांग. घरात आलीस की चप्पल काढायच्या आधी पाऊच खुंटीला, हीच एक शिस्त. बस ८:१० ची असेल तर उलटं मोज: स्टँडपर्यंत १२ मिनिटं, थांबायला ८, म्हणजे ७:५० ला घराबाहेर. गजर ७:३५ आणि ७:४५ ला, आणि नुसता आवाज न ठेवता त्यावर काम लिहिलेलं असू दे: 'डबा पिशवीत', 'चप्पल घाल'. कर्कश सूर लावू नकोस. थरथर किंवा मऊ आवाज पुरतो. दोनतीन आठवड्यांनी तो गजर तुला ऐकू येईनासा होईल. हे होणारच, तेव्हा सूर बदल. वेळ आणि खुंटी मात्र बदलू नकोस.

आवाजाचं सांगायचं तर बेळगावात गणपतीची विसर्जन मिरवणूक आणि वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक या दोन्ही तुझ्यासाठी कठीण आहेत, आणि त्या तुला आवडतातही. आवडतं म्हणजे सोसवतं असं नाही. फोमचे बोळे नीट घातले तरच उपयोग होतो: बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, आत सरकव आणि फुगेपर्यंत, साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेव. अर्धे बाहेर राहिले तर आवाज अडतच नाही. कुणाच्या घरी जाऊन बसायचं आणि किती वेळाने निघायचं हे निघतानाच सोबतच्यांना सांगून ठेव. गर्दीत बोलायचं बळ उरत नाही, तेव्हा हाताची एखादी खूण ठरलेली असू दे. एरवी दिवसभर बोळे घालून राहू नकोस, त्याने कान जास्त हळवे होतात. अभ्यासाला पूर्ण शांतताही तुला मानवत नाही, कारण डोकं रिकामं राहिलं की भटकतं. तीक्ष्ण आवाज अडव आणि एकसुरी आवाज राहू दे, पावसाचा किंवा चांगल्या चालणाऱ्या पंख्याचा.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कानडी, कॉलेजात इंग्रजी. तुझी प्रत्येक अडचण लोक भाषेच्या खात्यावर टाकतील. पारख सोपी आहे: फक्त कानडीत गोंधळ होत असेल तर भाषा, घरात मावसबहिणींशी मराठीत बोलतानाही आता कुणी बोलायचं हे कळत नसेल तर कारण दुसरं. धाकट्या भावालाही हीच लक्षणं दिसतात म्हणून 'घरात एकच भाषा ठेवा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकाहून जास्त भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात आढळलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेतली तर मूल घरातच एकटं पडतं.

कचेरीत 'नंतर या, ते कागद घेऊन या' असं सांगतात. तीन सूचना एकदम आल्या की एडीएचडीमुळे दुसरी गळते, आणि 'नंतर' म्हणजे कधी हे ऑटिझममुळे उलगडत नाही. कानडीतली दोन वाक्यं पाठ कर: 'एष्टु गंटेगे बरली?' (किती वाजता येऊ?) आणि 'याव कागद बेकु?' (कुठला कागद हवा?) उत्तर तिथेच लिही आणि वाचून दाखव. तोंडी बोलणं जमणार नसेल त्या दिवशी अर्ज आधीच लिहून ने आणि खिडकीतून दे. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या तपासणीला जाताना पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं शोधून ने. एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी. प्रौढांसाठी लक्ष न लागणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातल्या ९ पैकी ५ लक्षणं पुरतात. 'हुशार आहे पण धांदरट', 'मुलींत मिसळत नाही' असे बाईंचे शेरे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. तू तीन-चार वर्षांची असताना कसं खेळायचीस हे आईला किंवा आत्याला सांगू दे, आणि ते मराठीतच घ्यायला सांग. आईच्या मोडक्या कानडीत अर्धी माहिती हरवते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि झोप हेही तपासायला सांग. बेळगावचं जिल्हा रुग्णालय, आणि धारवाडची डिमहान्स व बंगळूरची निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्था ही सरकारी ठिकाणं आहेत. मध्येच फार खचल्यासारखं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर कुठल्याही वेळी लागतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑटिझमचं मूल्यमापन लागेल. ते भारतीय मापनश्रेणीवर होतं, ४० मुद्दे, आणि ७० गुणांपासून ऑटिझम धरतात. दिव्यांगत्वाची ४० टक्के किंवा जास्त नोंद झाली तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत.

औषधाबद्दल घाबरू नकोस, पण डोळे उघडे ठेव. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, एडीएचडीवर आहे. एडीएचडीचं मिथिलफेनिडेट हे औषध काही तासांपुरतं काम करतं. दोन्ही असलेल्यांना त्याचा गुण काहीसा कमी येतो आणि चिडचिड, अबोलपणा हे त्रास जास्त दिसतात, म्हणून डॉक्टर लहान मात्रेपासून सावकाश वाढवतात. भूक मरते, तेव्हा गोळीच्या आधी पोटभर न्याहारी कर आणि दुपारच्या डब्याला गजर लाव; तुला एरवीही भूक लागल्याचं उशिरा कळतं. हे औषध अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि सगळ्या दुकानांत ते मिळत नाही, तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नकोस. एडीएचडीचंच दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन, त्याला पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून बंद करू नकोस.

आणखी एक गोष्ट क्वचितच आधी सांगितली जाते. एडीएचडीचा गोंधळ औषधाने निवळला की ऑटिझम जास्त स्पष्ट दिसू लागतो. आवाज जास्त टोचतात, वस्तू जागेवर नसली की सहन होत नाही. औषधाने नवा आजार दिला असं घरच्यांना वाटेल. आधी झाकलेलं वर आलं असेल किंवा मात्रा जास्त होत असेल; कुठलं ते वहीतल्या वेळांवरून डॉक्टरांना ठरवता येतं. गोळी घेतल्यापासून दोन तासांत त्रास वाढतो की उतरल्यावर, हे नक्की लिही. स्वतःच्या मनाने मात्रा कमीजास्त करू नकोस.

आईला सगळं एकदम समजावू नकोस. एकच माग: स्वयंपाकघरातून हाक न मारता जवळ येऊन नाव घ्यायचं, मग एकच काम सांगायचं. 'जरा आवर की' याने तू जागची हलत नाहीस. 'टेबलावरची ताटं उचल' म्हटलं की उठतेस. आईलाही ते दोनतीन दिवसांत दिसेल. आणि सगळं असह्य होऊन तू गप्प पडतेस तेव्हा प्रश्न विचारायचे नाहीत, दिवा मंद करायचा, पाणी ठेवायचं, आणि तासाभराने परत यायचं, हे तू बरी असताना एका कागदावर लिहून तिला दे.

वही उद्यापासून सुरू कर. पंधरा दिवसांनी पानांचे फोटो पाठव, अक्षर कसंही असू दे, रिकामे दिवस रिकामेच ठेव. त्यावरून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण मिळून लिहू.

तुझी शुभचिंतक